साहेब आमच्यात जेवत नसत

आग विझवून आलेल्या माणसाला जी भूक लागते, ती इतरांना सांगून कळायची नाही. अंगाला धुराचा वास, डोळे चुरचुरतायत, केसांत राख, आणि तरी हात धुतले न धुतले की डबे उघडायचे. खोपोलीतल्या आमच्या केंद्रात बंब उभा करायच्या शेडमागे एक लांब टेबल होतं. त्यावर सगळ्यांचे डबे एकत्र यायचे. कुणाची सुकट, कुणाचं वालाचं बिरडं, कुणाची नुसतीच चपाती आणि तिच्यावर शेजाऱ्याची भाजी. पहिल्या घासानंतर कुणाचं काय ते कळत नसे. त्याच वेळी समोरच्या केबिनमध्ये, दार उघडं ठेवून पण आमच्याकडे पाठ करून, दळवी साहेब एकटे जेवत. स्टीलचा दोन पुडांचा डबा. जेवून झालं की स्वतः नळावर नेऊन धुवायचे, रुमालानं पुसायचे आणि खिडकीत पालथा घालून ठेवायचे.

मी बंबाचा ड्रायव्हर, भोईर. ड्रायव्हर आगीत जात नाही. गाडी लावायची, पंप चालू करायचा, पाण्याचा जोर सांभाळायचा आणि गाडीपाशीच उभं राहायचं. लोकांना वाटतं, हा काय नुसता उभा आहे. वाटू दे. पण हुकूम देणारा साहेबही तिथेच उभा असतो. पोरं एकदा आत गेली की त्यांना साहेब दिसत नाही, आणि मला त्याच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. दळवी साहेबांचं त्या वेळचं तोंड फक्त मी पाहिलेलं आहे. त्यांच्याविषयी लिहायला माझ्याजवळ एवढं भांडवल पुरेसं आहे.

साहेब ठेंगणे, खांद्याला रुंद, आणि दाढेखाली कायम एक लवंग. भिवपुरीच्या वीजघराच्या क्वार्टर्समध्ये वाढलेले. वडील तिथेच कामाला. साहेब सांगायचे, "आमच्याकडे ढग गडगडले तरी कोण जागं होत नसे. पण वीजघराची घरघर जरा बदलली, की अख्खी चाळ उठून अंगणात." तो कान त्यांनी पुढे नोकरीतही वापरला. आगीच्या जागी पोहोचलो की सगळे धूर बघत, ज्वाळा बघत. साहेब मान तिरकी करून उभे राहत आणि म्हणत, "आधी मला ऐकू दे."

एरवी माणूस अत्यंत बोंबल्या. पाइप नीट गुंडाळला नाही, बूट जागेवर नाहीत, कुणी शिट्टी वाजवली, काहीही चालायचं त्यांना ओरडायला. "अरं, तो पाइप हाय का म्हशीचं शेपूट?" हे वाक्य आमच्या केंद्रासमोरच्या पानवाल्यालासुद्धा पाठ होतं. पण खरा धोका समोर आला की आवाज खाली जायचा. इतका खाली की कान द्यावा लागे. आणि ज्याला सकाळी म्हशीवरून बोलले, त्यालाच म्हणायचे, "आपण जरा मागं या." साहेब आपल्याला अहो-जाहो करायला लागले की आमच्या पाठीला घाम फुटे. परतताना, सगळं सुखरूप झालं की, बंबात चढणाऱ्या प्रत्येकाच्या हेल्मेटवर एक टपली मारायचे. ती टपली चांगली लागायची. पण ती बसली नाही तर गाडीत चैन पडत नसे.

एकदा बोरघाटाच्या जुन्या रस्त्यावर गॅसचा टँकर उलटला. वास सुटलेला. मागे एका लग्नाची बस अडकलेली. पुढे पनवेलकडे मुहूर्त. नवरदेवाचा मामा फेटा बांधून साहेबांच्या अंगावर धावून आला. साहेब अगदी हळू म्हणाले, "आपण सगळ्यांनी खाली उतरायचं, मोबाइल बंद करायचे आणि वरच्या वळणापर्यंत चालत जायचं. बसचं इंजिनसुद्धा चालू करायचं नाही."

"आणि मुहूर्त चुकला तर जबाबदारी कोणाची?" मामा ओरडला.

"माझी," साहेब म्हणाले. "नवरीच्या बापाला माझं नाव सांगा. शिव्या द्यायला त्यांना सोपं पडेल."

शालू नेसलेल्या बायका हातात चपला घेऊन घाट चढल्या. ताशेवाले ताशे डोक्यावर घेऊन गेले. मुहूर्त अर्थातच चुकला. दुसरा टँकर आला, गॅस त्यात उतरवला, रस्ता मोकळा झाला, आणि लग्न संध्याकाळी गोरज मुहूर्तावर लागलं. पुढच्या आठवड्यात तोच मामा पेढे घेऊन केंद्रात आला. साहेबांनी चार पेढे खाल्ले. आमच्यासमोर उभं राहून, चवीनं खाल्ले.

तिथेच गायकवाडच्या मनात काटा शिरला.

गायकवाड आमच्यातला सगळ्यात चांगला फायरमन. हाळ गावाकडचा, सडपातळ, शिडीवर चढताना बघत राहावं असा. त्याच्या घरी पहिली मुलगी झाली. बारशाच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं केंद्रासाठी कोंबडीचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या पाठवल्या, आणि साहेबांसाठी वेगळा डबा. साहेब बारशाला गेले होते. दारातूनच मुलगी बघितली, तिच्या मुठीत नोट ठेवली आणि पाणीसुद्धा न पिता परत फिरले. आता डबा समोर आला तर म्हणाले, "माझं पोट बरं नाही. पोरांना दे."

गायकवाडनं डबा उचलला नाही. तो तसाच टेबलाशी उभा राहिला आणि म्हणाला, "सायेब, त्या मामाचे पेढे चाललं. आमच्या घरचं चालत नाय का?"

तो काय विचारत होता ते तिथल्या प्रत्येकाला कळलं होतं. गायकवाडच्या आज्यानं दीक्षा घेतली तेव्हाची गोष्ट त्यानं आम्हाला अनेकदा सांगितली होती, आणि त्याआधी गावच्या विहिरीवर काय चालायचं तेही. साहेब मराठ्यांच्या घरचे. सगळं जुळत होतं. खरं सांगायचं तर साहेबांचं वेगळं जेवणं आमच्यापैकी कुणालाच आधी खटकलं नव्हतं, आणि त्या क्षणी मलाही गायकवाडचंच खरं वाटलं.

साहेब पांढरे पडले. "ह्या टेबलावर बसून मी कधी कोणाचं खाल्लंय?" त्यांनी विचारलं. "भोईरचं खाल्लंय? तो तर आमच्याच कर्जतचा."

खरंच, कधी खाल्लं नव्हतं. मी एकदा आग्रह केला होता, की साहेब, मी तर आगीत जात नाही, माझं खायला काय हरकत आहे. त्यावर म्हणाले होते, "तुझं खाल्लं की बाकीच्यांचं का खात नाही ते त्यांना कळेल." तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ मला लागला नव्हता.

त्या दिवशी साहेबांनी तो सांगितला. पाइप वाळत घातले होते, त्यांच्याकडे बघत सांगितला. आधीच्या नोकरीत, दुसऱ्या गावात, त्यांच्या हाताखाली एक जण होता. दोघांचा डबा एकच. एका गोदामाला आग लागली आणि माळ्यावर एका माणसाला चढवायचं होतं. त्या कामाला तोच मित्र योग्य होता, हलका, चपळ. साहेबांनी तोंड उघडलं आणि नाव दुसऱ्याचं घेतलं. तो दुसरा जाडजूड, नवखा. माळा त्याच्यासकट खाली आला.

"सकाळीच माझ्या त्या मित्राच्या आईच्या हातची घारगी खाल्ली होती मी," साहेब म्हणाले. "त्याचं नाव जिभेवर आलंच नाही. मी ठरवून केलं असतं तर मला माफ नसतं केलं कुणी. ठरवून केलं नव्हतं, म्हणून सुटलो." मग गायकवाडकडे बघून म्हणाले, "आत जायला तुम्ही सगळेच तयार असता. थांब म्हणायला, जा म्हणायला मी पगार घेतो. माझ्या तोंडात तुझा घास असला तर मी तुझ्याबद्दल खरं बोलेन याचा मला भरवसा नाही. यात तुझी जात नाही रे. माझी लायकी आहे."

गायकवाडनं डबा उघडला आणि आम्हाला वाढला. मला साहेबांचा रागच आला होता. एवढी शिक्षा स्वतःला करून घ्यायची आणि वर आम्हाला एकत्र बसून खाऊ द्यायचं, हा कुठला न्याय? आपली माणसं आठ हातांच्या अंतरावर जेवतायत, हसतायत, आणि आपण भिंतीकडे तोंड करून आमटी-भात कालवतोय. हे एक दिवस नाही, वर्षानुवर्षं.

मग पाताळगंगेकाठच्या एका कारखान्याची आग आली. आम्हाला मदतीला बोलावलं होतं, पण जवळचे बंब दुसरीकडे अडकल्यामुळे पहिले पोहोचलो आम्हीच. लांब पत्र्याची शेड, तिच्यात पेट घेणाऱ्या रसायनाची पिंपं. पुढच्या दारातून काळा धूर. कामगार बाहेर जमलेले आणि त्यांच्यातला एक, संतोष नावाचा, साहेबांचे पाय धरून बसला. "माझा भाऊ आत हाय सायेब. धाकटा हाय. दाराच्या आतच असंल."

गायकवाडनं तोंडावर मास्क चढवला होता. पाठीवर हवेची टाकी. पाइप घेऊन तो दाराकडे निघालाच होता.

"गायकवाड," साहेब म्हणाले, "आपण थांबा."

ते ‘आपण’ मी ऐकलं. साहेब माझ्याकडे वळले. "भोईर, इंजिन खाली घ्या."

"साहेब, पाण्याचा जोर पडेल."

"पडू द्या. मला ऐकायचंय."

मी इंजिनाचा वेग खाली आणला. पाण्याची धार लुळी पडली. संतोष शिव्या देऊ लागला, कामगार ओरडू लागले, की पाणी का कमी केलं. साहेब मान तिरकी करून उभे. आणि मग मलाही आलं ऐकू. आत कुठेतरी टण्ण. थोड्या वेळानं पुन्हा टण्ण. पत्र्याचं पिंप आतल्या उष्णतेनं फुगतं तेव्हा असा आवाज करतं, हे मी पुढे शिकलो. साहेबांना ते तेव्हाच माहीत होतं. त्यांची लवंग तोंडातल्या तोंडात थांबली होती. समोर दार होतं, दाराच्या आत एका माणसाचा भाऊ होता, आणि दारात त्यांचा सगळ्यात चांगला माणूस उभा होता.

"कोणी आत जायचं नाही," साहेब म्हणाले. "सगळ्यांनी भिंतीच्या आडोशाला. बाहेरूनच पिंपांवर पाणी धरा. दोघं घण घेऊन मागच्या अंगाला जा, तिकडची भिंत फुटते का बघा."

गायकवाड हलला नाही. "सायेब, मी काढतो त्याला. दाराशीच हाय तो."

"मागं या आपण."

"सायेब!"

साहेब स्वतः पुढे गेले, त्याच्या पाठीवरच्या टाकीचा पट्टा धरला आणि त्याला ओढत भिंतीमागे आणलं. मागच्या अंगाची दोघं अजून कोपऱ्यापर्यंतही पोहोचली नव्हती, तेवढ्यात पिंपं उडाली. शेडचं छप्पर वर उचललं गेलं आणि खाली बसलं. ज्या दारात गायकवाड उभा होता, ते दार राहिलं नाही.

संतोषच्या भावाचं शरीर नंतर सापडलं. दारापासून जवळच होतं. इतकं जवळ, की ते पाहिल्यावर आमच्यापैकी कुणीच कुणाच्या तोंडाकडे बघेना. आम्ही पोहोचलो तेव्हा त्याच्यात जीव होता की नव्हता, हे कुणाला सांगता आलं नाही. चौकशी झाली. साहेबांचा निर्णय योग्य असा निकाल आला. माझंही मत तेच होतं आणि आजही आहे. गायकवाड गेला असता तर त्या दारात आम्हाला दोघं सापडली असती. पण गायकवाडला ते पटेना. "मी काढला असता," एवढंच तो म्हणायचा, आणि साहेब केंद्रात आले की उठून बाहेर जायचा. ज्याला ओढून आणला, त्यानंच तोंड फिरवलं. साहेबांनीही त्या दिवसानंतर गायकवाडवर कधी ओरडा केला नाही. पाइप वेडावाकडा गुंडाळला तरी त्याला काही म्हणत नसत. आवाज खाली ठेवूनच बोलत, जणू ती आग अजून विझायची होती.

संतोषनं कारखाना सोडला आणि खोपोली स्टेशनबाहेर वड्यांची गाडी लावली. साहेब संध्याकाळी भिवपुरीला परत जाताना रोज त्या गाडीपाशी थांबत. मी पाहिलेलं आहे. गिऱ्हाइकांच्या मागे उभे राहत, आपली पाळी आली की एक वडापाव मागत. संतोष तो त्यांच्या हातात देत नसे, फळीवर ठेवत असे. साहेब उचलून बाजूला जात आणि तिथेच उभ्यानं सगळा संपवत. एकदा मी रागानं म्हणालो, "कशाला जाता साहेब? तो बघतही नाही तुमच्याकडे."

"त्यानं बघावं म्हणून नाही जात," ते म्हणाले. "मी दिसलो नाही तर त्याला वाटेल विसरलो."

आणि मग, बंब धुता धुता, एरवी कधी न विचारलेली गोष्ट त्यांनी मला विचारली. "भोईर, तिथं दारात दुसरा कुणी असता, तर मी पाठवला असता का?"

मी हातातली नळी खाली ठेवली.

"त्याची पोरगी मी बघितली होती," साहेब म्हणाले. "मूठ घट्ट धरून ठेवली होती तिनं नोट. मी त्याच्या घरचं पाणीसुद्धा प्यालो नव्हतो रे. आणि तरी मला आता सांगता येत नाही, की पिंपांच्या आवाजानं थांबवलं, का त्या मुठीनं."

मी म्हणालो, आवाज मीसुद्धा ऐकला होता. ते मान हलवत राहिले. माझ्या ऐकण्यानं त्यांचं भागण्यासारखं नव्हतं. त्या माणसाच्या एकटेपणाची मला त्या दिवशी भीती वाटली. आम्ही आपले पंक्तीनं जेवत होतो आणि हा गडी पंक्तीबाहेर बसून आमच्यातल्या प्रत्येकाचा हिशेब एकटा मनाशी मांडत होता, आणि एवढं करूनही तो जुळला असं त्याला कधी वाटणार नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेल्यावर, साहेबांच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात, मी हे सगळं गायकवाडला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. बराच वेळ नखानं हेल्मेटवरचा रंग खरवडत बसला. मग म्हणाला, "आयला, मला वाटलं, सायेबाला माझ्यावर भरवसा नाय."

शेवटच्या दिवशी सकाळी साहेबांनी नव्या साहेबांकडे कारभार सोपवला. हार, नारळ, शाल, फोटो सगळं रीतसर झालं. दुपारी आम्ही त्यांना धरून लांब टेबलाशी आणलं. मीच म्हणालो, "आता तुम्ही आमचे साहेब नाही. आता कुणाला कुठं पाठवायचं नाही. बसा." साहेबांना हसू आलं. बसले. सगळे डबे उघडले. गायकवाडनं आपला डबा मधोमध ठेवला. कोंबडीचं कालवण आणि तांदळाची भाकरी. "मंडळीनं मुद्दाम करून दिलंय," तो म्हणाला. "पोरगी बी सांगत होती, सायबांना पोटभर वाढा म्हणून."

साहेबांनी भाकरीला हात लावला आणि घंटा वाजली. खालापूरच्या अंगाला लाकडाच्या वखारीला आग.

टेबल क्षणात रिकामं झालं. साहेबही सवयीनं उठले आणि हात खुंटीकडे गेला. खुंटीवर हेल्मेट नव्हतं, सकाळीच जमा केलं होतं. हात तिथेच राहिला. नवे साहेब माझ्या शेजारी चढले. गायकवाड पायरीवर पाय ठेवत होता तेव्हा दळवी साहेब त्याच्याजवळ आले आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "गायकवाड, आपण सांभाळून." मी गाडी काढली. आरशात फाटकाशी उभे असलेले साहेब दिसत होते, खांद्यावर शाल, मान तिरकी. बंबाची घंटा ऐकू येईनाशी होईपर्यंत ते तसेच उभे असणार.

वखारीत एक राखणदार अडकला होता. नव्या साहेबांनी गायकवाडला पाठवला, आणि गायकवाडनं त्याला खांद्यावर टाकून बाहेर आणलं. हुकूम बरोबर होता, काम चोख झालं. तरी मी पंपापाशी उभा असताना दोनदा बाजूला वळून पाहिलं.

परतलो तेव्हा उन्हं कलली होती. साहेब फाटकातच होते. एकेक जण उतरला तसा प्रत्येकाच्या हेल्मेटवर टपली मारली. गायकवाडच्या डोक्यावर हात ठेवला तो लवकर उचलला नाही. मग म्हणाले, "चला, गाडीची वेळ झाली," आणि पिशवी उचलून निघाले.

आम्ही आत आलो. टेबलावर सगळे डबे झाकून ठेवलेले होते. मी माझा उघडला. भाकरीचा एक तुकडा तोडलेला होता, बिरड्यातला एक घास गेला होता. शेजारच्यानं आपला उघडला, त्यातलाही एक घास. प्रत्येकाच्या डब्यातला एकेक. आम्ही तिकडे आगीत असताना साहेब या लांब टेबलावर, आमच्या रिकाम्या जागांमध्ये एकटे बसून जेवले होते.

गायकवाडचा डबा मात्र टेबलावर नव्हता. तो खिडकीत होता. रिकामा, धुतलेला, पुसलेला आणि पालथा घातलेला.

गायकवाड तो डबा हातात घेऊन फाटकाकडे पळाला. आम्ही त्याच्या मागे. साहेब स्टेशनच्या रस्त्याच्या वळणापाशी पोहोचले होते.

"सायेब!" गायकवाड ओरडला. "सायेब, जेवलात नं?"

साहेब थांबले. वळले. आणि कितीतरी वर्षांनी गायकवाडवर त्यांचा तो जुना, रस्ताभर ऐकू जाणारा आवाज चढला.

"अरं, तिखट केवढं घालता रं! डोळ्यांतनं पाणी आलं माझ्या!"

शाल डोळ्यांना लावत ते वळणाआड गेले. गायकवाड डबा पोटाशी धरून तिथेच उभा राहिला. थोड्या वेळानं पाइप धुवायला त्याला आत बोलवावं लागलं.